गोल रोजची हँडल लटकतात ती कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा: फ्लॅटची पाच दारं, लॅमिनेटसकट ३२ मिमीचे फ्लश पल्ले. जुनी लांब प्लेटची हँडल काढून काळी, सडपातळ, गोल रोजची (रोज म्हणजे हँडलच्या मुळाशी दाराला टेकणारी चकती) बसवायची आहेत. शेजारी अशीच बसवली ती वर्षभरात लटकली, मग कोणती घ्यावीत?

रंग, आकार शेवटी ठरवा. आधी एका दाराचं हँडल उतरवून आतलं मॉर्टाइज लॉक (पल्ल्याच्या कडेतल्या खाचेत बसणारं कुलूप) बाहेर काढा. दोन्ही बाजूंची हँडल जोडणारी चौकोनी दांडी ८ मिमीची आहे का, आणि तिच्या भोकाच्या दोन्ही अंगांना आरपार बोल्टसाठी भोकं आहेत का, ते बघा. या दोन भोकांमधलं अंतर बहुधा ३८ मिमी असतं, ते नव्या रोजशी जुळायला हवं.

ही भोकं नसली की मिस्त्री रोज नुसत्या लाकडी स्क्रूवर बसवतो, आणि घोळ तिथेच होतो. ३२ मिमीच्या पल्ल्यात लॉकची १५ मिमी जाडीची केस (धातूची पेटी) बसली तर प्रत्येक बाजूला साडेआठ मिमी लाकूड उरतं. स्क्रू त्याहून आत गेला की टोक केसला टेकतं आणि लॅच (दार अडकवणारी जीभ) जड चालते. आखूड घातला तर पकड राहत नाही, रोज डुलू लागतो. जुन्या प्लेटचे स्क्रू केसच्या वर-खाली भरीव लाकडात जात होते, म्हणून ती टिकली. त्यामुळे बोल्टची भोकं नसतील तर अख्खं लॉकच बदला. पैसे वाचवायचेच असतील तर हँडलमध्ये वाचवा.

दुसरं कारण स्प्रिंगचं. १३०-१४० मिमी लांबीचा जड दांडा एकट्या लॉकच्या स्प्रिंगवर सोडला तर काही महिन्यांत तो आडवा राहत नाही. दुकानात हँडल रोजसकट हातात धरून दाबा आणि सोडा. आपसूक वर आलं तर स्प्रिंग रोजमध्येही आहे. तेच घ्या.

आता एक अडचण, जी विकणारा सांगत नाही. जुनी प्लेट वीत-सव्वावीत लांब, नवा रोज जेमतेम ५० मिमीचा. प्लेटखालची भोकं आणि लॅमिनेटचा वेगळा पडलेला रंग उघडा पडणार. मेण किंवा लांबी (पुट्टी) भरून ते लपत नाही, उजेड तिरका पडला की दिसतंच. पल्ल्याला नवं लॅमिनेट लावायचं नसेल तर गोल रोजचा हट्ट सोडून अरुंद प्लेटचं हँडल घ्या. तेही भोकं झाकेल इतकं लांब आहे का, ते मोजून. शिवाय प्लेटमध्ये दांडी ते किल्ली हे अंतर लॉकशी जुळावं लागतं (पुष्कळ सिलिंडर लॉकमध्ये ते ८५ मिमी असतं). रोजला ही अट नाही, कारण किल्लीचा रोज वेगळा असतो.

काळ्या रंगाबद्दल: जस्ताच्या ओतीव हँडलवरची पावडर कोटिंग अंगठीच्या घासण्याने आधी कडांवर जाते. बेडरूमला चालेल. बाथरूमला ३०४ ग्रेड स्टेनलेस बरं, पण टॉयलेट क्लीनरची उघडी बाटली तिथे ठेवू नका. त्यातल्या अ‍ॅसिडच्या वाफेने स्टेनलेसवरही तांबूस डाग येतात. बाथरूमचं कुलूप बाहेरून नाण्याने उघडणारं असावं, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.

बसवताना दोन्ही बोल्ट आधी सैल ठेवा, हँडल दहा-बारा वेळा दाबून दांडी मध्यावर येऊ द्या, मग आळीपाळीने आवळा. एक आधी पूर्ण आवळला तर रोज तिरका बसून दांडी घासते. हँडलच्या मानेतला ग्रब स्क्रू (हँडल दांडीवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू) खालच्या बाजूला ठेवा, त्यावर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब टाका आणि महिन्याभराने एलन कीने पुन्हा तपासा.

पावसाळ्यात लॅच अडकते तेव्हा दोष बहुतेकदा हँडलचा नसतो. पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडा कोऱ्या राहिलेल्या असतात, तिथून ओल शिरून लाकूड फुगतं. पल्ला उतरवलात तर त्या दोन कडांना आणि लॉकच्या खाचेला प्राइमरचे दोन हात मारून घ्या.