इलेक्ट्रिक किटलीतला पांढरा थर आणि कपांवरचा चहाचा राप कसा काढावा?

आपण लिहिले आहे की वर्षभरापूर्वी घेतलेल्या किटलीच्या तळाशी पांढरा, खरखरीत थर बसला आहे, त्याचे पापुद्रे चहाच्या कपात उतरतात, तारेच्या घासणीनेही तो सुटत नाही आणि कपांवर तांबूस राप चढला आहे. माझा सल्ला असा की घासणी आधी बाजूला ठेवावी. तिने थर निघत नाहीच, उलट स्टीलच्या तळावर चरे पडतात आणि पुढचा थर त्या चऱ्यांत अधिक घट्ट धरून बसतो.

मी इंदूरला राहतो. आमच्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात आणि मधल्या दिवसांची गरज बोरिंगवर भागते, त्यामुळे हा थर कुठल्या पाण्याने धरतो हे घरातच पाहायला मिळते. उन्हाळ्यात सगळी भिस्त बोरिंगवर असते, तेव्हा किटली तीन आठवड्यांत पांढरी पडते. नर्मदेच्या पाण्यावर तेवढ्याच थराला दोन-अडीच महिने लागतात. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, तळाला चिकटते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. कपात उतरलेले पापुद्रे पोटात गेले तर घाबरण्याचे कारण नाही. नुकसान किटलीचे होते, कारण थरामुळे तळाची उष्णता पाण्यात नीट जात नाही, तळ अवाजवी तापतो आणि कधी कधी पाण्याला उकळी फुटण्याआधीच किटली बंद पडते.

हा थर आम्लात विरघळतो. किराण्याच्या दुकानात मिळणारे लिंबाचे फूल, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, यासाठी उत्तम. आमच्या सियागंज बाजारात ते ‘नींबू का सत’ म्हणून मागावे लागते. एका लिटर पाण्याला २० ग्रॅम, म्हणजे सपाट दीड मोठा चमचा, पुरते. हिशेबाने एवढ्यात सुमारे १५ ग्रॅम थर विरघळतो, आणि घरच्या किटलीत तेवढा क्वचितच असतो. लिंबे पिळून हे काम करायचे झाल्यास एका लिंबातून जेमतेम एक ग्रॅम आम्ल मिळते, तेव्हा वीस लिंबे लागतील! पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून वापरता येतो, परंतु त्याचा वास पुढचे दोन-तीन चहा बिघडवतो.

पाणी आधी उकळावे, किटली बंद करून तारेची पिन काढावी, पाणी कोमट होऊ द्यावे आणि मगच पूड घालावी. मी पहिल्या वेळी घाईने पूड घालूनच बटण दाबले होते. थरातून सुटणारा वायू आणि उकळी एकत्र आल्यामुळे फेस झाकणातून उसळला आणि किटलीच्या विजेच्या बैठकीवरून खाली ओघळला. शिवाय आम्ल आणि थर यांपासून होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळते, म्हणून उकळत ठेवल्यास एक थर जाऊन दुसराच बसण्याची शक्यता असते. कोमट पाण्यात पूड पडताच तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. त्या थांबल्या की काम झाले, साधारण अर्धा तास. तरीही पांढरे ठिपके उरले तर नवे द्रावण करावे. तोटीची जाळी निघत असल्यास त्याच पाण्यात बुडवावी. मग किटली दोनदा विसळून एकदा साधे पाणी उकळून टाकून द्यावे. किटलीचा बाहेरचा भाग किंवा विजेची बैठक मात्र कधीही पाण्यात बुडवू नये.

कपांवरचा राप हे वेगळे प्रकरण आहे. तो चहातील टॅनिनचा असतो. ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन चोळल्यास निघतो. सोनेरी कड असलेल्या कपांची कड तेवढी वगळावी. सोडा आणि लिंबाचे फूल एकदम घालण्याचा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. त्याने फेस भरपूर येतो खरा, पण दोघे एकमेकांना निकामी करतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चहाच्या पातेल्यात यांपैकी काहीही भिजत ठेवू नये, धातू काळवंडतो किंवा खाल्ला जातो.

आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी किटलीत वापरू नये. त्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक असतात. रात्री उरलेले पाणी ओतून किटली उघडी वाळू द्यावी.

आणि हे सगळे मोरीत करावे, ओट्यावर नव्हे. आमचा ओटा कोटा स्टोनचा आहे, आणि कोटा म्हणजे चुनखडीच. त्या दिवशीच्या फेसाचे चार फिके डाग त्यावर अजून आहेत.