समुद्र न पाहिलेल्या आईवडिलांना अंदमानातला दिवसभराचा बोटप्रवास झेपेल का?

परभणीत आयुष्य गेलेल्या आपल्या साठीतल्या आईवडिलांना पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून श्री विजयपुरम) हॅवलॉक आणि नील ही बेटे एका दिवसात बोटीने करणे झेपेल का, असे आपण विचारले आहे. झेपेल, मात्र त्याच दिवशी परतण्याचा हट्ट धरू नये, रात्रीचा मुक्काम नीलवर करावा. मी पैठणचा. नाथसागरापलीकडे एवढे पाणी न पाहिलेल्या माझ्या आईला घेऊन मी फेब्रुवारीत याच मार्गाने गेलो होतो.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक सरकारी बोटीने सुमारे अडीच तास लागतात. वेळ वाचावा म्हणून आम्ही जलद खासगी बोट घेतली. तिची वातानुकूलित केबिन चहूबाजूंनी बंदिस्त होती आणि आमच्या जागा अगदी पुढच्या रांगेत होत्या. बंदरात पाणी तळ्यासारखे शांत होते. उजवीकडे रॉस बेट आणि डावीकडे नॉर्थ बेचा दीपस्तंभ दिसत होता. (वीस रुपयांच्या जुन्या नोटेमागचे दृश्य याच परिसरातले, नव्या नोटेवर आपले वेरूळ आले आहे.) आडोसा संपून खुला समुद्र लागताच आईला बोट लागली. बोटीचे पुढचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते, आणि बंद केबिनमध्ये डोळ्यांना सारे स्थिर दिसत असताना कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र शरीर हलत असल्याचे सांगत राहते. त्या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते.

दुपारी हॅवलॉकहून नीलला जाताना आम्ही सरकारी बोट घेतली आणि आईला डेकवर मधोमध, क्षितिज दिसेल असे बसवले. तासाभरात तिला काहीही त्रास झाला नाही. खोल पाण्याचा गडद निळा रंग नीलजवळच्या उथळ, पांढऱ्या वाळूवर पोपटी होत गेला, तो ती टक लावून पाहत होती. ही बेटे म्हणजे म्यानमारच्या आराकान योमा पर्वतरांगेची पाण्याबाहेर उरलेली शिखरे आहेत, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आपण डोंगरावरूनच चाललोय की!"

मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये. डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी अर्धा तास आधी द्यावी आणि रिकाम्या पोटी बसवू नये. हॅवलॉक आणि नील यांची नावे 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत. तिकीट काढताना हे लक्षात ठेवावे. हिवाळ्यात तिथे पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो, म्हणून हॅवलॉकहून दुपारची बोट चुकवू नये.