मोठा केला आणि हात उचलेना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. घरातला तीन फुटी नमुना तलवार झपाझप फिरवायचा आणि चौकातल्या बारा फुटी नरकासुराच्या पुतळ्याने खांदासुद्धा हलवला नाही. असो, नरकचतुर्दशीच्या पहाटे जळायचाच होता, त्याचं सुतक किती दिवस धरशील? पण ‘पुढच्या दिवाळीला मोठी मोटर घालतो’ म्हणालास, म्हणून हे पत्र.

१८७८ साली अमेरिकेतल्या एका बापाने मुलांसाठी खेळणं आणलं. बांबू, कागद, बूच आणि रबर. पीळ देऊन सोडलं की भिरभिरत छताला भिडायचं. विल्बर राइट तेव्हा ११ वर्षांचा, ऑर्विल ७ वर्षांचा. खेळणं मोडलं तसं पोरांनी स्वतःच दुसरं केलं, तेही उडालं. मग त्याहून मोठं, मग आणखी मोठं. आकार वाढेल तसं उडणं कमी. शेवटी कंटाळून दोघे पतंगांकडे वळले. दुप्पट आकाराच्या यंत्राला आठपट शक्ती लागते हे तेव्हा ठाऊक नव्हतं, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. (त्यांची आई गाडे बनवणाऱ्याची मुलगी, हत्यारं सराईतपणे वापरायची. तिचं नाव सुझन. ते कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो.)

आता तुझा हिशेब. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही चौपट, म्हणजे हाताचं वजन ६४ पट. तेही खांद्यापासून चौपट लांब, म्हणजे मोटरवरचा ताण २५६ पट! तुझा हात आतून पोकळ, तेव्हा एवढा नसेल. पण गाडीच्या वायपरच्या मोटरने हात टेकले त्यात तिचा काय दोष? मोठी मोटर मीही एकदा घातली होती. गिअरचे दात सगळे साफ.

राइट बंधूंचं १९०१चं ग्लायडरही हिशेबापेक्षा फार कमी उचलत होतं. तेव्हा ज्यांवरून हिशेब केला त्या छापील तक्त्यांवरच त्यांनी शंका घेतली. सहा फुटी लाकडी पेटी केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि हॅक्सॉची पाती नि सायकलचे स्पोक जोडून वाऱ्याचा जोर मोजायचे काटे बनवले. त्यावर पत्र्याचे इवलेसे पंख शेकड्याने मोजले. १७ डिसेंबर १९०३च्या पहिल्या विमानउड्डाणाची ती १२ सेकंदं सगळ्यांना पाठ असतात. मला ही पेटी जास्त आवडते.

तेव्हा मोटरचं दुकान सध्या राहू दे. विहिरीवरच्या लाटेला (पाणी उपसायच्या त्या लांब दांड्याला) मागे धोंडा का बांधतात ते आठव, आणि हाताचं टोक खांद्याच्या मागे थोडं वाढवून तिथे वजन लावता येईल का ते बघ. किती लावायचं ते अंदाजाने सांगू नकोस. तीन फुटी नमुना अजून माळ्यावर असेल तर रविवारी फोंड्याला घेऊन ये. स्प्रिंगचा काटा माझ्याकडे आहे.