सहा महिने जिम करतोय. क्रिएटिन (स्नायूंना जोर देणारी पावडर) घेऊ का? घरचे म्हणतात किडनी खराब होते.

किडन्या धडधाकट असतील तर बिनधास्त घ्या. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. सुट्टीच्या दिवशीही. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅमचं 'लोडिंग' करायला सांगतात, त्याची गरज नाही. उलट त्याने पोट बिघडू शकतं. रोजच्या चमच्याने तीन-चार आठवड्यांत स्नायूंमधला साठा भरतोच.

आता घरच्यांची भीती. शरीरात क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं आणि किडनीचं काम जोखायला लॅब नेमकं तेच मोजते. त्यामुळे किडनीला काही झालेलं नसतानाही आकडा थोडा वर दिसू शकतो. माझा १.४ आला तेव्हा आई दोन रात्री झोपली नाही. डॉक्टरांना पावडरचं सांगितलं, त्यांनी सिस्टॅटिन सी (किडनीचं काम जोखणारी दुसरी रक्तचाचणी, जिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही) तपासायला लावलं, ते नॉर्मल निघालं. म्हणून रक्त द्यायला जाण्याआधीच डॉक्टरांना सांगा, लपवू नका. किडनीचा आजार असेल तर घेऊ नका. मधुमेह किंवा बीपी असेल, वय १८ च्या आत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढू शकतं. ती चरबी नव्हे, स्नायूंत धरलेलं पाणी आहे.

शाकाहारी असाल तर फरक जास्त जाणवण्याची शक्यता आहे, कारण आहारातलं क्रिएटिन मुख्यतः मांस-मासळीतून येतं.

डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि घटकांत फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट हवं. जिममध्ये कुणी सुटी पुडी दिली तर घेऊ नका.