‘भेसूर’ आणि ‘भयाण’ यांत नेमका फरक काय? कुठे कोणता शब्द वापरावा?

तुमच्या कथेतलं वाक्य आहे, ‘त्या भेसूर जंगलातून एक भयाण आवाज आला’, आणि मित्राला त्यात काहीतरी खटकतंय. मित्राचा कान चांगला आहे. विशेषणांची अदलाबदल करा: ‘त्या भयाण जंगलातून एक भेसूर आवाज आला.’ झालं काम.

आता कारण. शब्दकोशात दोन्हींपुढे भयंकर, भीतिदायक असंच काहीबाही सापडतं, म्हणून गोंधळ होतो. पण बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ सहसा करत नाही. भयाण असते ती जागा किंवा वेळ: भयाण माळ, भयाण रात्र, भयाण शांतता. तिथे कुणीच नाही, याचीच भीती. भेसूर वाटायला मात्र समोर काहीतरी असावं लागतं, आणि तेही ओळखीचं: चेहरा, हसू, रडणं, हाक. माणसासारखं आहे, पण माणसाचं वाटत नाही, असं काहीतरी. ‘भेसूर शांतता’ कानाला खोटं वाटतं ते यामुळेच. शांततेला ना तोंड ना आवाज.

लाइट गेल्यावर पोरं हनुवटीखाली टॉर्च धरून दात विचकतात, ते आठवा. चेहरा शेजारच्या बंड्याचाच. पण चेहऱ्यावर उजेड वरून पडलेला बघायची आपल्या डोळ्यांना सवय. तो खालून आला की सावल्या उलट्या पडतात. नाकपुड्या उजळतात, कपाळ काळोखात जातं, आणि बंड्या भेसूर दिसायला लागतो. हिडीस नाही, कुरूप नाही, भेसूर.

आवाजाचंही तसंच. रात्री कुत्री भुंकली तर तो नुसता वैताग. त्यांनी मान वर करून लांबलचक सूर लावला की मात्र आपण ‘कुत्रं रडतंय’ म्हणतो, आणि ते रडणं भेसूर ठरतं. गव्हाणी घुबड तर दोन्हीकडून या शब्दाला पात्र: पांढराफटक, बदामाच्या आकाराचा चेहरा, आणि घूत्कार सोडून चिरकणं. (बिचारं उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलंच करतं, ते वेगळं.)

या शब्दाला सध्या नवं काम मिळालंय, असं माझं मत. सणासुदीला एआयने बनवलेल्या शुभेच्छा येतात. त्यातली नऊवारीतली आजी गोड हसत असते, पण दात जरा जास्तच, आणि आरतीचं तबक धरलेल्या हाताला सहा बोटं. मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञाने 1970 सालीच लिहून ठेवलं होतं की यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आधी आवडतं, पण अगदी जवळ पोचून थोडक्यात चुकलं की नकोसं वाटतं. त्या नकोशा टप्प्यासाठी लोक ‘विचित्र’, ‘विलक्षण’ असे शब्द सुचवतात. विचित्र तर टोपीसुद्धा असते हो! ती आजी भेसूर आहे.

एक सावधगिरी. ‘बेसूर’ वेगळा. त्यातला ‘बे’ म्हणजे ‘बेहिशेबी’, ‘बेचव’ यांतला, ‘शिवाय’ अर्थाचा. सूर सोडून गाणारा तो बेसूर. गाणं फारच रसातळाला गेलं की लोक मुद्दाम ‘भेसूर गातो’ म्हणतात, ती थट्टा झाली. आणि अपघात, आग, दुष्काळ यांना वर्तमानपत्रं ‘भीषण’ लावतात, तेच बरोबर. तिथे भेसूर बसत नाही. ‘भयंकर’ तर आता कामातून गेला. आमच्याकडे बासुंदीही भयंकर आवडते.

वापरायला शब्द सोपा आहे, लिंग-वचनाने बदलत नाही: भेसूर चेहरा, भेसूर किंकाळी, भेसूर रडणं. क्रियापदाआधीही तसाच येतो, ‘तो भेसूर हसला’. ‘भेसूरपणे हसला’ चूक नाही, पण कथेत तरी ते ‘पणे’ गाळा.