उत्तर : वादळानंतर झाडे हटवून घेतली, आता कार्यालय कार्यादेश मागते

नमस्कार.

आपण लिहिले आहे की वादळानंतर किनाऱ्यावरील एका सरकारी कार्यालयातून फोन आला, "आधी माणसे घेऊन या, कागदाचे मागाहून पाहू" असे सांगण्यात आले, त्यावर विसंबून आपण मिरजेहून आठ माणसे आणि तीन कटर घेऊन उतरलात, रस्ता मोकळा करून दिलात, आणि आता तेच कार्यालय आपल्याला कार्यादेशाचा, म्हणजे काम करण्याच्या लेखी आदेशाचा, क्रमांक विचारत आहे. गाव आणि वर्ष बदलले तर ही माझीच तक्रार आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. करवतीची निगा, तेलाचे मिश्रण, माणसांची निवड यांविषयी लिहीत नाही. इतकी माणसे सांभाळणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. मी वकील नाही, हेही आधीच नमूद करतो. खाली जी कलमे दिली आहेत ती मला एका जाणत्या वकिलांनी समजावून सांगितलेली आहेत आणि ती आपल्या प्रकरणाला कितपत लागू होतात हे आपण आपल्या वकिलांना दाखवूनच ठरवावे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी मुख्य रस्ते उघडले. पण आतले रस्ते, पाखाड्या (पायऱ्यांच्या अरुंद वाटा), शाळा-दवाखान्यांची आवारे आणि विजेच्या तारांवर रेललेली झाडे इतकी होती की बाहेरच्या टोळ्यांवाचून ते काम उरकणे शक्य नव्हते. कऱ्हाडहून आमची झाडे तोडणारी टोळी कुंभार्ली घाटाने उतरली. तो करोनाच्या टाळेबंदीचा काळ असल्यामुळे जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता आणि ज्या कार्यालयाने बोलावले होते, त्याच कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने पासच्या अर्जात काय कारण लिहायचे ते फोनवरून सांगितले होते. ही गोष्ट त्या वेळी किरकोळ वाटली होती, पण पुढे तिचाच आधार झाला.

त्या कार्यालयाचे नाव मी येथे देणार नाही, कारण आमची माणसे अजूनही त्या पट्ट्यात कामाला जातात. काम चालू असताना मी रोज लेखी पत्र मागत होतो आणि रोज नवे उत्तर मिळत होते: छपाईयंत्राला वीज नाही, साहेब दौऱ्यावर आहेत, शिक्का ज्या कपाटात आहे त्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे. वीज नव्हती हे खरेच होते आणि मोबाइलचे मनोरेही बंद होते. परंतु हाताने चार ओळी लिहून खाली सही करायला वीज लागत नाही. काम संपल्यावर बिल सादर केले, तेव्हा त्याच टेबलावरून प्रश्न आला की कार्यादेश कोणत्या तारखेचा आहे. नंतर सांगण्यात आले की मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेले काम मोजून लिहायच्या सरकारी वहीत, नोंद नसल्यामुळे देयक तयार करता येत नाही. तोडलेली झाडे दाखवा म्हणाले, तर ती ग्रामस्थांनी कधीच सरपणाला नेली होती आणि त्यांनी ती न्यावीत असे त्याच कार्यालयाने सांगितले होते. मग अधिकाऱ्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी फाइल न उघडताच "हे माझ्या काळातले नाही" असे सांगून टाकले. यावर कडी म्हणजे, मागील तारखा घालून तीन वेगवेगळ्या नावांची दरपत्रके आणून दिली तर काहीतरी करता येईल, असा सल्ला मला तेथेच मिळाला. आपल्यालाही तो मिळण्याची शक्यता आहे. कृपया तसे करू नये. बिल अडकले तर पैसे बुडतील, पण खोट्या तारखेच्या कागदावर सही केली तर उद्या चौकशीत सही करणारा तेवढा सापडतो आणि सल्ला देणाऱ्याचा कागदावर मागमूसही नसतो.

मला सर्वांत जास्त चीड आली ती पुढील कारणाने. आपत्तीच्या वेळी निविदा काढत बसता येत नाही हे कायद्याला ठाऊक आहे आणि त्याची सोय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 50 मध्ये केलेली आहे. मदत व बचावासाठी तातडीने साधनसामग्री वापरणे आवश्यक आहे असे राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाचे मत झाले, तर ते संबंधित विभागाला तातडीची खरेदी करण्याचे अधिकार देऊ शकते, आणि अशा वेळी निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत शिथिल झाली असे मानले जाते. साहित्याच्या वापराबाबत अधिकृत नियंत्रण अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध प्रमाणक (व्हाउचर) मानले जाईल, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे त्या कार्यालयाने मनात आणले असते तर जिल्हा प्राधिकरणाकडून मान्यता घेऊन आणि एक प्रमाणपत्र जोडून आमचा विषय संपवता आला असता. ते करण्यापेक्षा आम्हाला वर्षभर कऱ्हाडहून खेपा घालायला लावणे त्यांना सोपे वाटले. मजुरी मात्र मी काम संपताच चुकती केली होती, कारण दोरावर चढणाऱ्या माणसाला "साहेब दौऱ्यावर आहेत" असे सांगता येत नाही. गाडीचे हप्ते त्यामुळे थकले, ते वेगळेच.

आता आपल्या प्रकरणाविषयी. पहिला अर्ज त्या कार्यालयाच्या नावे द्यावा, त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्यावी आणि दोन्हींची पोचपावती घ्यावी. अर्जात "बिल द्यावे" एवढेच न लिहिता, कोणत्या दिवशी कोणत्या ठिकाणाहून कोणत्या ठिकाणापर्यंतचा रस्ता मोकळा केला, कोणी बोलावले, कोणत्या क्रमांकावरून बोलावले आणि कामावर देखरेख कोणी केली, हे तारखेनिशी मांडावे. त्यासोबत माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा आणि त्या दिवसांतील नियंत्रण कक्षाची नोंदवही, वरिष्ठांना पाठवलेले दैनंदिन अहवाल आणि रस्ता खुला झाल्याचा अहवाल यांच्या प्रती मागाव्यात. 30 दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. माझ्या बाबतीत कार्यालय आम्हाला ओळखतच नव्हते, पण त्यांनीच वर पाठवलेल्या अहवालात "खाजगी पथकाच्या साहाय्याने रस्ता मोकळा केला" असे वाक्य निघाले. ते वाक्य, ई-पासवरील कारण, टोलच्या नोंदी आणि पेट्रोलच्या पावत्या एकत्र ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

लेखी करारच नाही म्हणून काहीच मिळणार नाही, असे आपल्याला सांगितले जाईल. ते पूर्ण खरे नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 70 नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात हे तत्त्व सरकारलाही लागू केले आहे. मात्र दोन मुदती सांभाळाव्यात. सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि अशा पैशांच्या दाव्याला साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. "पुढच्या महिन्यात अनुदान येणार आहे" हे वाक्य ऐकता ऐकता ती तीन वर्षे सहज निघून जातात. आमचे प्रकरण नोटिशीच्या टप्प्यावरच मिटले, पण मागितलेल्या रकमेच्या अर्ध्याहून कमीवर. आणि मी ते स्वीकारले, कारण दावा चालवण्याइतकी ताकद उरली नव्हती. आपण लढावे की मिटवावे हे मी सांगू शकत नाही.

पुढच्या वादळात जावे का, असेही आपण विचारले आहे. माझे मत, आणि ते अनेकांना कडक वाटेल, असे आहे की सरकारी कामासाठी हाताने लिहिलेली का होईना, पण सही, हुद्दा आणि तारीख असलेली चिठ्ठी मिळेपर्यंत करवत सुरू करू नये. कोणी अडकले असेल किंवा रुग्णवाहिका थांबली असेल तर गोष्ट वेगळी. तेथे कागद मागणारा माणूस आमच्या टोळीत नको. एरवी चिठ्ठीत दर प्रति दिवस प्रति यंत्र असा लिहून घ्यावा. झाडागणिक दर ठरवला तर एकमेकांत गुंतलेल्या चार फांद्यांचे एक झाड धरायचे की चार, यावर नंतर वाद होतो. संध्याकाळी त्या दिवसाच्या कामाखाली ग्रामसेवक, तलाठी किंवा जागेवर हजर असलेल्या कर्मचाऱ्याची सही घ्यावी. तोडण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र एकाच जागी उभे राहून काढावे, म्हणजे मागचे घर किंवा मैलाचा दगड दोन्हींत दिसतो.

खाजगी वाडीत पैसे बहुधा बुडत नाहीत, पण तेथे दुसरी काळजी घ्यावी लागते. पंचनामा होण्यापूर्वी झाडाला हात लावू नये, मालकाने कितीही घाई केली तरी. निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर झाली होती. पंचनाम्यात जे दिसले नाही ते मालकाच्या पदरात पडत नाही आणि मग तो राग टोळीवर निघतो. पंचनामा झाल्यावर मात्र नारळाचे ओंडके वाडीत कुजत ठेवू नयेत, कारण गेंड्या भुंगा त्यातच वाढतो आणि वादळातून वाचलेल्या माडांचे शेंडे खातो. आंबा, फणस, साग, खैर, किंजळ यांच्या लाकडाबाबत मालक "घेऊन जा" म्हणाला तरी गाडी भरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. तपासणी नाक्यावर गाडी अडली तर कमावलेले तेथेच संपते.

सुरक्षिततेचे दोनच मुद्दे, कारण घाटावर रोज झाडे तोडणारे कुशल लोकही यात फसतात. मुळासकट उलटलेल्या झाडाचे खोड तोडले की मुळांचा गड्डा मातीसह झटक्यात पुन्हा उभा राहतो. त्याच्या खड्ड्यात किंवा पाठीमागे कोणी उभे असेल तर तो वाचत नाही. आणि वीज गेलेली आहे म्हणून तार मेलेली समजू नये. जवळच्या घरात कोणी जनित्र चुकीच्या पद्धतीने जोडले असेल तर त्या तारेत उलटा प्रवाह येतो. म्हणून वीज कंपनीचा माणूस येऊन तार जमिनीला जोडेपर्यंत तारेवरच्या झाडाला हात लावू नये, मग साहेब कितीही ओरडोत. आपल्या आठही माणसांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवला आहे का हेही पाहावे. वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. चढणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला ते पुरेसे नाही, म्हणून गट अपघात विमा वेगळा घ्यावा, पण निदान हा तरी असावा.

आपले काम कोणत्या तारखेला संपले आणि बोलावणारे कार्यालय महसूल, बांधकाम की ग्रामपंचायतीचे होते, एवढे कळवावे. कार्यालयाचे नाव उघड लिहू नये. माझ्या अर्जाचा आणि माहिती अधिकारात विचारलेल्या प्रश्नांचा मसुदा माझ्याकडे आहे, तो आपल्या प्रकरणाप्रमाणे बदलून देतो.