संपर्क यादीची परवानगी मीच दिली, मग नातेवाइकांना येणाऱ्या वसुलीच्या फोनबद्दल तक्रार करता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की अ‍ॅपवर ८,००० रुपयांचे कर्ज मंजूर झाले, हातात ५,२०० पडले, सात दिवसांत पूर्ण ८,००० मागितले गेले, आणि आता वसुलीवाले तुमच्या आतेभावाला आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांना फोन करत आहेत. परवानगीचे बटण तुम्हीच दाबले होते, म्हणून तक्रारीचा हक्क गेला, असे तुम्हाला वाटते. तसे नाही.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काम केले. तेथे जामीनदाराला समोर बसवून, त्याची सही घेतल्याशिवाय त्याच्याकडे एक रुपयाही मागता येत नसे. तुमच्या आतेभावाने कोठेही सही केलेली नाही. या अ‍ॅपने मात्र तुमच्या फोनमधला प्रत्येक क्रमांक बिनसहीचा जामीनदार धरला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि नंतर मे २०२५ च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांत संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोनमधील फायली यांना अ‍ॅपने हातच लावू नये, असे सांगितले आहे. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांची परवानगी केवायसीसारख्या (ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या) कामासाठी, तुमच्या स्पष्ट संमतीने, एकदाच घेता येते. म्हणजे संपर्क यादीच्या बाबतीत तुमची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच उरत नाही.

खरा प्रश्न आहे तो कर्ज नेमके कोणी दिले हा. अ‍ॅप हा बहुधा मध्यस्थ असतो. पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) वेगळी असते आणि मध्यस्थाच्या वागणुकीची जबाबदारी तिच्यावरच येते. करारात आणि मुख्य तथ्य विवरणपत्रात (कर्जाचा दर व शुल्क एकत्र दाखवणाऱ्या कागदात) तिचे नाव शोधा. त्या विवरणपत्रात वार्षिक दर लिहिलेला असावा लागतो, आणि त्यात न दाखवलेले शुल्क आकारता येत नाही. (तुमच्या आकड्यांवरून मी हिशेब केला, तर सात दिवसांचे २,८०० रुपये म्हणजे वर्षाला सुमारे २,८०० टक्के होतात. हा दर कोणी कागदावर लिहून देईल, असे मला वाटत नाही.)

नाव सापडले, तर त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. संमती मागे घेत असल्याचे आणि माहिती पुसून टाकण्याची मागणी त्यात स्पष्ट लिहा, कारण अ‍ॅप काढून टाकल्याने आधीच उचललेली यादी परत येत नाही. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर आलेल्या वसुलीच्या फोनचे स्क्रीनशॉट जोडा. तेही नियमाबाह्य आहेत.

नाव कोठेच नसेल, तर लोकपालाचा उपयोग नाही. मग सायबर पोलिसांकडे जा किंवा १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तुम्ही सांगलीचे आहात, म्हणून विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडेही देता येईल.

संस्था नोंदणीकृत निघाली, तर खरी थकबाकी मात्र फेडावीच लागेल. ती थेट संस्थेच्या खात्यात भरा, फोनवरच्या माणसाने दिलेल्या यूपीआय क्रमांकावर नको.